मैत्रीचं शिक्षण वेगळ्या खोलीत नको, मधल्या सुट्टीत हवं : शाळांना खुलं पत्र

प्रति,
मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शालेय समुपदेशक यांस,

सस्नेह नमस्कार.

ऑटिस्टिक मुलाच्या पालकांना शाळेकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "अभ्यासात ठीक आहे, पण मुलांमध्ये मिसळत नाही." त्यावरचा उपायही ठरलेला असतो. आठवड्यातून एकदा मुलाला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत न्यायचं आणि डोळ्यांत बघून बोलणं, ओळख करून घेणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं असं सगळं शिकवायचं. तीन-चार महिन्यांनी मूल त्या खोलीत सगळं बिनचूक करून दाखवतं आणि मधल्या सुट्टीत मात्र पूर्वीसारखंच भिंतीच्या कडेनं एकटं फिरत राहतं.

आम्ही या मुलांसोबत काम करणारे विशेष शिक्षक, समुपदेशक आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहोत. हे काम त्या खोलीतून बाहेर काढा, एवढंच मागणं घेऊन हे पत्र लिहीत आहोत. मैत्री जिथे जुळते आणि मोडते त्या मैदानावर, जिन्यात, गटकामात ते करा. आणि एकट्या ऑटिस्टिक मुलाला हाताशी धरून करू नका, त्याच्या वर्गातल्या मुलांनाही त्यात घ्या.

"त्याला एकटंच राहायला आवडतं" हे आधी तपासून पाहायला हवं. काही मुलांना खरंच एकांत हवा असतो, विशेषतः दोन-तीन तास गोंगाटात काढल्यावर, आणि तो त्यांना मिळायलाच हवा. पण निरित बाउमिंगर आणि कॉनी कसारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑटिस्टिक मुलांनी इतर मुलांपेक्षा जास्त एकटं वाटत असल्याचं स्वतः सांगितलं होतं. म्हणजे ओढ असते, वाट सापडत नाही. ती न सापडण्याला दोन्ही बाजू कारण असतात. स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली हा मुद्दा मांडला : ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळायला जड जातं, तितकंच इतरांनाही त्याचं मन कळायला जड जातं. पुढे एडिंबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ-आठ प्रौढांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत न्यायला लावली. २०२० साली आलेल्या त्या निष्कर्षांत सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीतही टिकली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. तुमचा वर्ग ही मिश्र साखळी आहे, म्हणून फक्त एका कडीला तासत बसून भागत नाही.

शाळेच्या दृष्टीनं सर्वांत उपयोगाचा अभ्यासही २०१२ चाच आहे. कसारी आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या वर्गांत शिकणाऱ्या ६० ऑटिस्टिक मुलांसोबत दोन पद्धती वापरून पाहिल्या. एकीत मोठ्या माणसानं त्या मुलालाच शिकवलं, दुसरीत वर्गातल्या काही मुलांना एकट्या पडणाऱ्या मुलाला खेळात कसं घ्यायचं हे शिकवलं. सोबत्यांना शिकवलं तिथे मैत्रीसाठी त्या मुलाचं नाव जास्त वेळा घेतलं गेलं आणि मैदानावरचं एकटेपण कमी झालं. तीन महिन्यांनंतरही हा फरक टिकून होता.

आता मधल्या सुट्टीकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. मोठ्यांना ती विसाव्याची वेळ वाटते. ऑटिस्टिक मुलासाठी ती बहुधा दिवसातली सर्वांत अवघड वेळ असते : घंटेचा कर्कश आवाज, एकदम उसळलेला गलका, येता-जाता लागणारे धक्के, आणि पुढच्या वीस-तीस मिनिटांत काय होणार हे कुणीच सांगितलेलं नसतं. खेळाचे नियम चालू खेळातच बदलतात. "तो लहान आहे, त्याला अजून एक संधी" हे कुणी ठरवलं, केव्हा ठरवलं, हे बाकीच्यांना न सांगता कळतं. नियम काटेकोर पाळणारं मूल मात्र "हा आऊट आहे" म्हणून अडून बसतं आणि सगळ्यांच्या लेखी भांडकुदळ ठरतं.

आठवड्यातले दोन दिवस, एक ठरलेली शांत जागा, चार ते पाच मुलं, वीस मिनिटं आणि हाताला काम देणारा एक उपक्रम, एवढ्यावर सुरुवात होते. उपक्रम त्या मुलाच्या आवडीतून घ्या. रेल्वेचे मार्ग, किडे, ग्रह, बुद्धिबळ, काहीही. आवडत्या विषयात बुडालेलं मूल सर्वांत मोकळं बोलतं, म्हणून त्या आवडीला खूळ म्हणून दाबू नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लगॉफ यांनी २००४ साली लेगोच्या ठोकळ्यांची जी पद्धत मांडली, तिच्यातलं कामवाटप इथे फार चांगलं चालतं. एकाकडे चित्र असतं आणि तो काय हवं ते सांगतो, दुसरा ठोकळे शोधून देतो, तिसरा जोडतो. चौथा-पाचवा असेल तर तो चित्राशी ताडून पाहतो. बोलल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, आणि काय बोलायचं ते कामच सांगतं. गप्पा मारायचं ओझं राहत नाही. लेगो नसेल तर मोठं जोडचित्र, भित्तीपत्रक, साधा विज्ञानप्रयोग चालेल.

यात काय बिघडतं हेही सांगतो. सांगणाऱ्याची भूमिका कायम आपल्यालाच हवी असा हट्ट होतो, म्हणून भूमिकांचा क्रम आधीच कागदावर लिहून सगळ्यांना दिसेल असा लावा. बांधकाम अर्ध्यात असताना पाळी बदलली तर उद्रेक होतो. एक टप्पा पुरा होऊ द्या आणि दोन मिनिटं आधी सांगा. सहाव्या-सातव्या मुलाला "तूही ये" म्हटलं की आवाज वाढतो आणि ज्याच्यासाठी हे उभं केलं तेच मूल आधी बाहेर पडतं. आणि विषय महिनाभर एकाच्याच आवडीचा राहिला तर बाकीची मुलं कंटाळून पांगतात. दोन आठवडे एकाची आवड झाली की पुढचे दोन दुसऱ्याची घ्या. दुसऱ्याच्या आवडीत थोडा वेळ रमणं हाही मैत्रीचाच सराव आहे.

सर्वांत जास्त बिघाड मात्र मोठ्यांच्या हातून होतो. शॅडो टीचर (मुलाच्या सोबतीला नेमलेल्या मदतनीस शिक्षिका) मुलाच्या खांद्याला खांदा लावून बसतात. मग वर्गमित्र त्यांनाच विचारतात, "हा खेळणार का?" आणि त्याच उत्तर देतात. असं झालं की "त्यालाच विचार" एवढंच म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. अनेक ऑटिस्टिक मुलांना ऐकलेलं समजून उत्तर जुळवायला इतका वेळ खरोखर लागतो. मध्येच प्रश्न बदलून पुन्हा विचारला तर त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पहिल्या दोन-तीन बैठकांनंतर मोठ्यांनी खुर्ची तीन-चार मीटर मागे न्यावी. वाद झाला, तरी कुणाला इजा होत नाही तोवर अर्धा मिनिट थांबावं. मुलं पुष्कळदा स्वतःच मार्ग काढतात.

सोबती निवडताना वर्गातला सर्वांत गुणी विद्यार्थी नेमून "आजपासून तू याची काळजी घ्यायची" असं सांगण्याची पद्धत आहे. ती सोडा. नेमणुकीतून मदतनीस मिळतो. महिनाभरात तो थकतो, आणि ऑटिस्टिक मुलालाही आपण कुणाचं तरी काम आहोत हे कळतं. वर्गात दोन आठवडे नीट पाहा. त्याच्याशेजारी सहज कोण बसतं, त्याच्या विनोदावर कोण हसतं, त्याच्यासारखीच आवड आणखी कुणाला आहे. अशा तीन-चार मुलांना विचारा, नाही म्हणायची मुभा देऊन. वर्गात आणखी एखादं ऑटिस्टिक किंवा अबोल मूल असेल तर त्याला वगळू नका, अनेकदा सूर तिथेच जुळतो.

या सोबत्यांना शिकवायचं थोडंच आहे. हाक मारताना आधी नाव घ्या, मग थांबा. खुणेनं किंवा टोमण्यातून नव्हे, सरळ शब्दांत सांगा. "चल ना" पेक्षा "आम्ही जोडचित्र लावतोय, तू कडेचे तुकडे शोधशील?" असं विचारा, कारण यात काय करायचं ते स्पष्ट आहे. तो नाही म्हणाला तर रागावू नका, उद्या पुन्हा विचारा. तो हात हलवत असेल, गोल फिरत असेल तर तसं केल्यानं त्याला बरं वाटतं. निदानाचा शब्द वर्गात उच्चारायचा की नाही हे मूल आणि पालक ठरवतील. त्यांच्या संमतीशिवाय तो उच्चारू नका. निदान न सांगताही "प्रत्येकाचं ऐकणं, बघणं, बोलणं वेगळं असतं" यावर सगळ्या वर्गाचा तास घेता येतो.

ऑटिस्टिक मुलाला काहीच शिकवायचं नाही, असं आम्ही म्हणत नाही. निवडून शिकवावं, असं म्हणतो. डोळ्यांत बघायची सक्ती पहिल्यांदा काढून टाका. अनेक मुलं नजर वळवूनच नीट ऐकू शकतात, आणि नजर भिडवण्यात लक्ष गुंतलं की वाक्य निसटतं. खेळात शिरायचं कसं, हे मात्र शिकवण्याजोगं आहे. आपण मुलांना "मी खेळू का?" असं विचारायला शिकवतो आणि त्याचं सर्वांत सोपं उत्तर "नाही" असतं. मुलं एरवी ज्या रीतीनं शिरतात ती पायऱ्यांनी दाखवा : आधी थोड्या अंतरावर उभं राहून एक-दोन मिनिटं बघायचं, खेळ कोणता, बाजू किती, कुठल्या बाजूला माणूस कमी, ते हेरायचं. एखादी चाल चांगली झाली तर "मस्त!" म्हणायचं. खेळ थांबला की "त्या बाजूला एक कमी आहे, मी येतो" म्हणायचं. नाही म्हटलं तर दुसरीकडे कुठे जायचं हे आधीच ठरलेलं असायला हवं, नाहीतर नकार मिळाल्यावर मूल तिथेच गोठून उभं राहतं. हा सराव मैदानाच्या कडेला, खरा खेळ समोर चालू असताना करा.

तितकंच महत्त्वाचं आहे ते नाही म्हणायला शिकवणं. मित्र हवा म्हणून ही मुलं काहीही ऐकतात आणि काही मुलं त्याचा फायदा घेतात : सगळ्यांसमोर नाचायला लावणं, कुणाला तरी शिवी द्यायला लावणं, वस्तू मागून परत न करणं. "ते हसत होते म्हणजे मी त्यांना आवडतो" असा अर्थ मूल काढतं. शाळेतल्या दादागिरीवरच्या अनेक अभ्यासांचा २०१६ साली एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात सुमारे ४४ टक्के ऑटिस्टिक विद्यार्थी छळाला बळी पडत असल्याचं दिसलं. "तुला कुणी त्रास देतं का?" या प्रश्नाला यातली बरीच मुलं "नाही" म्हणतील, कारण जे घडतंय त्याला त्रास म्हणतात हे त्यांना ठाऊक नसतं. जागा आणि वेळ धरून विचारा : "काल सुट्टीत पाण्याच्या नळाजवळ कोण होतं? कोण काय म्हणालं? मग तू काय केलंस?" शौचालय, जिना, शाळेची बस आणि वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप या चार ठिकाणी विशेष लक्ष असू द्या. छळ उघडकीला आल्यावर दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावू नका.

भावनांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मैत्री बहुतेक वेळा इथेच तुटते. स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं अवघड जाणं याला अलेक्सिथायमिया म्हणतात. तो जवळपास निम्म्या ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये आढळतो. अशा मुलाला "तुला कसं वाटतंय?" विचारलं की ते "माहीत नाही" म्हणतं, आणि ते खरं असतं. टाळाटाळ नसते. त्याला शरीराकडून सुरुवात करून द्या : मुठी आवळल्यात का, कान गरम झालेत का, पोट घट्ट वाटतंय का, छाती धडधडतेय का. मूल शांत असताना त्याच्यासोबत बसून एक ते पाच अशी पट्टी तयार करा. एकला शरीर कसं असतं, तीनला कसं, पाचला कसं, आणि तीन आल्यावर काय केलं की बरं वाटतं, हे त्याच्याच शब्दांत, त्याच्याच आवडीच्या चित्रांत लिहा. "तीन : कान तापतात, पेन्सिल जोरात दाबतो. कानावर हेडफोन, पाच मिनिटं ग्रंथालय." इतकं नेमकं हवं.

ही पट्टी दोन प्रकारे वाया जाते. मूल पाचवर पोचल्यावर ती समोर धरतात. तेव्हा वाचायची क्षमताच उरलेली नसते. किंवा ती शिस्तीचं हत्यार बनते : "आज तू चारवर गेलास, तुला तारा नाही." मग मूल खोटा आकडा सांगायला शिकतं. आम्ही जिथे जिथे पट्टी फसलेली पाहतो, तिथे ही दोन कारणं असतात. शिक्षकांनी दिवसातून एकदा स्वतःचा आकडा मोठ्यानं सांगितला, "आवाज वाढलाय, मी तीनवर आहे, पाणी पिऊन येते," तर वर्गातल्या सगळ्यांनाच त्याचा उपयोग होतो.

बाहेर जाण्याचं कार्ड द्याच. मुलानं ते बाकावर ठेवलं की न विचारता ठरलेल्या जागी पाच-दहा मिनिटं जाता यावं. गैरवापर होईल अशी धास्ती असते. सुरुवातीला काही दिवस वापर वाढतो, कारण वाट खरंच उघडी आहे का हे मूल तपासून पाहतं. शिक्षा म्हणून ते कार्ड कधीही काढून घेऊ नका. बदली शिक्षक आले की त्यांना ते माहीत नसतं आणि नेमका त्याच दिवशी गोंधळ होतो, म्हणून हजेरीपटाच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहून ठेवा.

मेल्टडाऊन झालाच (ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटला) तर शब्द कमी करा, माणसं कमी करा, प्रकाश आणि आवाज कमी करा. बघ्यांना बाहेर न्या, मुलाला ओढू नका. कारण विचारू नका, डोळ्यांत बघायला सांगू नका, विचारल्याशिवाय स्पर्श करू नका. हा हट्ट नसतो. हट्टातलं मूल समोरचा बघतोय का हे पाहतं आणि हवं ते मिळालं की थांबतं, मेल्टडाऊनमधलं मूल हवं ते मिळूनही थांबू शकत नाही. वरून शांत दिसू लागल्यावरही शरीर सावरायला अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. त्याआधी माफी मागायला लावली तर दुसरा उद्रेक जवळजवळ ठरलेला. काही मुलं उलट गोठतात, बोलणं बंद होतं, डोकं बाकावर टेकतं. त्याला शटडाऊन म्हणतात. त्यातून गडबड होत नाही म्हणून तो दुर्लक्षिला जातो, त्रास मात्र तेवढाच असतो.

भांडणाबद्दल बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, आणि चित्र काढून. कॅरल ग्रे यांनी १९९४ साली मांडलेली चित्रसंवादाची पद्धत सोपी आहे. काड्यांची माणसं काढा, बोललेलं एका फुग्यात, मनातलं ढगासारख्या फुग्यात. "तू म्हणालास, हे चूक आहे. तुझ्या मनात काय होतं?" मूल लिहितं, "त्याला बरोबर उत्तर कळावं." मग दुसऱ्या मुलाचा ढग : "सगळ्यांसमोर माझी चूक काढली." आदल्या दिवशी कितीही समजावून न उमगलेलं कागदावर पाच मिनिटांत दिसतं. पण मित्रानंही त्या मुलाचा ढग वाचला पाहिजे. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि मग समजून घेण्याची सगळी जबाबदारी पुन्हा एकट्या ऑटिस्टिक मुलावर येते.

आणि वर्गात अजिबात त्रास न देणारं मूल? पालक सांगतात की घरी आल्यावर ते तासभर रडतं, वस्तू फेकतं, आणि शाळा म्हणते, "आमच्याकडे तर छान असतं." दोन्ही खरं असतं. दिवसभर इतरांची नक्कल करून, हात दाबून, हसू ओढून आणून ते मूल स्वतःला लपवत असतं. यालाच मास्किंग म्हणतात. मुलींमध्ये हे विशेष दिसतं, म्हणून त्यांचं निदानही उशिरा होतं. मास्किंगचा चिंता आणि नैराश्याशी संबंध असल्याचं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. तसंही सुमारे ४० टक्के ऑटिस्टिक मुलांना चिंतेचा एखादा विकार असतो. सोमवारची पोटदुखी, सतत शौचालयाला जाणं, चुकू नये म्हणून खोडरबरानं कागद फाटेपर्यंत खोडणं, एकाच मैत्रिणीचं बोलणं-चालणं हुबेहूब उचलणं, अशा खुणा वर्गात दिसतात. त्या दिसल्या तर पालकांवर विश्वास ठेवा, गृहपाठ कमी करा, दुपारनंतर दहा मिनिटं एकांत द्या. झोप उडाली, खाणं सुटलं किंवा "मी नसतो तर बरं" असं काही मूल बोललं, तर त्याच दिवशी पालकांना कळवा आणि बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.

प्रगती मोजताना मित्रांची संख्या मोजू नका. एक मित्र पुरतो. शेजारी बसून आपापलं पुस्तक वाचणं ही त्या दोघांची मैत्री असू शकते. सुरुवातीला दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी दहा मिनिटं, मधल्या सुट्टीत लांबून निरीक्षण करा आणि दर मिनिटाला एक खूण करा : एकटं, शेजारी, की सोबत खेळत. तीन महिन्यांनी पुन्हा तेच करा. आणि मुलालाही विचारा, "सुट्टी कशी गेली?" असं मोघम नाही, तर तीन चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवायला सांगून. खुणा सुधारल्या आणि चेहरा उदासच राहिला, तर उपक्रम बदला. मूल आपल्यासाठी खेळतंय, स्वतःसाठी नाही.

मुख्याध्यापकांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. मधल्या सुट्टीतल्या उपक्रमासाठी एक खोली आणि एक माणूस वेळापत्रकात लिहून द्या, कारण जे वेळापत्रकात नसतं ते परीक्षेच्या आठवड्यात पहिलं बंद पडतं. वर्गवाटप करताना जुळलेली जोडी फोडू नका. तुकड्या बदलताना हे सर्रास होतं आणि वर्षभराचं काम एका यादीत पुसलं जातं. आणि या पत्राची प्रत शिक्षकांबरोबरच ग्रंथपाल, खेळाचे शिक्षक, मैदानावर देखरेख करणारे कर्मचारी आणि बसमधले मदतनीस यांनाही द्या. मुलांची सुट्टी त्यांच्यासमोर जाते.

आपले,
ऑटिस्टिक मुलांसोबत काम करणारे विशेष शिक्षक, समुपदेशक आणि थेरपिस्ट